गावाची भिंत गावाने रंगवायची तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेला लागून ग्रामपंचायतीची सव्वाशे फूट लांब, आठ फूट उंच भिंत आहे. दिवाळीनंतर तिच्यावर मोठं चित्र करायचं आहे. थोडा निधी आहे आणि शहरातला एक चित्रकार यायला तयार आहे. ‘गावाला सामील करून घ्या’ असं जो तो सांगतो. पण सगळ्यांचं ऐकलं तर चित्राची खिचडी होणार, आणि नाही ऐकलं तर ते चित्र गावाला परकंच राहणार. मग करायचं काय?

मी बरीच वर्षं भिंतींवरच काम करते, आणि त्यातलं पुष्कळसं गावांत आणि वस्त्यांत. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

रंगवण्याच्या दिवशी मुलांच्या हातात ब्रश दिला, चार फोटो काढले की लोकसहभाग झाला, अशी समजूत सगळीकडे आहे. माझ्या मते रंगवण्याचा दिवस हा या सगळ्यातला सर्वांत कमी महत्त्वाचा दिवस. चित्रात काय असावं हे कोण सांगतं, समोर आलेल्या आराखड्याला ‘हे नको’ असं कुणाला म्हणता येतं, आणि तीन वर्षांनी पोपडे निघायला लागले की बादली घेऊन कोण येतं, यावर चित्र गावाचं की पाहुण्याचं ते ठरतं. त्यातही ‘नको’ म्हणण्याला मी सर्वांत जास्त मोल देते. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या होकाराला काही अर्थ नसतो.

मुंबईत २००९ साली तुळशी पाईप रोडच्या लांबलचक भिंतीवर शेकडो लोकांनी येऊन आपापला तुकडा रंगवला होता. शहरात, जिथे भिंतीसमोरून रोज वेगळी माणसं जातात, तिथे असं करण्यात मजा आहे आणि गैर काहीच नाही. तुमच्या गावात मात्र रोज तीच घरं त्या भिंतीसमोरून पाण्याला, शेतावर, शाळेला जाणार. त्यांना दहा वर्षं ते बघत राहायचं आहे. अशा ठिकाणी दुसऱ्या टोकाचं उदाहरण जास्त कामाचं: लॉस एंजेलिसमधली चित्रकार जूडी बाका यांची भिंत. पुराचं पाणी वाहून नेणाऱ्या काँक्रीटच्या कालव्याच्या बाजूवर १९७६ ते १९८३ या काळातल्या पाच उन्हाळ्यांत त्यांनी २,७५४ फूट लांबीचं चित्र करून घेतलं. कॅलिफोर्नियाच्या इतिहासात ज्यांची नावं येत नाहीत अशा लोकांची ती गोष्ट आहे. चारशेहून जास्त तरुण मुलामुलींनी ती रंगवली. त्यांतल्या बऱ्याच जणांचं पोलिसांशी वाकडं होतं, आणि त्यांना या कामाचे पैसे मिळत होते. भिंतीला रंग लागण्याआधी इतिहासकारांशी बोलणं, जुन्या लोकांच्या आठवणी गोळा करणं, रेखाटनं करणं आणि मोडणं हे सगळं चालायचं. तुमची भिंत तिच्यापुढे लहान आहे, पण क्रम तोच ठेवा.

आता सुरुवात कुठून करायची? ‘भिंतीवर काय काढू या?’ हा प्रश्न गावाला कधीच विचारू नका. उत्तर ठरलेलं असतं: शिवाजी महाराज, मोर, ‘झाडे लावा’, आणि डोळ्यांतून पाणी गाळणारी पृथ्वी. लोकांना कल्पना नसते म्हणून हे होत नाही. भिंतीवर हेच असतं असं त्यांनी आजवर पाहिलेलं असतं, म्हणून ते तेच सांगतात. स्वच्छता अभियानाच्या निमित्ताने गेल्या दहा वर्षांत प्रत्येक नगरपरिषदेने ठेकेदाराकडून तीच चार चित्रं रंगवून घेतली आहेत. शाळांच्या ‘बोलक्या भिंती’ही बऱ्याचदा एकाच पुस्तकातून बोलतात.

त्याऐवजी जागेबद्दल विचारा. ही भिंत नव्हती तेव्हा इथे काय होतं? बाजार कुठे भरायचा? गावात आता कुठलं पीक कुणी घेत नाही? यात्रेत कुणाचा मान पहिला, आणि तो का? बाहेरगावी गेलेला माणूस गावाचं काय काढून रडतो? सहावी-सातवीच्या मुलांना हे प्रश्न देऊन आजी-आजोबांकडे पाठवा. मुलं जे लिहून आणतात त्यात व्याकरण नसतं, पण ‘आमच्या आजीनं पटकीत दोन भाऊ गमावले’ असलं एखादं वाक्य असतं. त्यावर चित्रकाराला आठवडाभर विचार करता येतो.

बैठक एकच घेऊ नका. चावडीवरच्या बैठकीत पुढची आठ माणसं बोलतात आणि उरलेली मान हलवतात. आपल्याकडे नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची तरतूद कायद्यातच आहे. ती बहुतेक ठिकाणी सह्यांपुरती उरली आहे, पण चित्राचा विषय तिथे आधी मांडायला तुम्हाला कुणी अडवणार नाही. बचत गटाची महिन्याची बैठक असते, भजनी मंडळ बसतं, आशाताई घरोघरी फिरतात. तिथे जा. गणेश मंडळाच्या पोरांना वर्गणी, मांडव आणि माणसं जमवण्याचा जो सराव असतो तो कुठल्या संस्थेकडे नसतो, म्हणून त्यांना सोबत घ्याच. मात्र मंडळ म्हणजे गाव नव्हे हे लक्षात ठेवा. गावकुसाबाहेरच्या वस्तीत वेगळं जा, आणि तिथे चहा प्या. त्या वस्तीतल्या लोकांना ‘चावडीवर या’ असा निरोप धाडला तर कोण येईल आणि कोण येणार नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. आणि खरं सांगायचं तर भिंतीवर लोकांनीच लोकांसाठी चित्र काढायची रीत या वस्त्यांत जिवंत आहे. चौदा एप्रिलच्या आधी बाबासाहेबांचं चित्र नव्याने रंगवणारे हात तिथे असतात. त्यांना गावच्या भिंतीवर कुणी बोलावत नाही, एवढंच.

गोळा झालेल्यातून चित्रकाराने दोन-तीन आराखडे करावेत. एकच आणला तर लोक ‘छान आहे’ म्हणून मोकळे होतात. आराखडे मोठ्या कागदावर छापून दूध डेअरीवर लावा. सकाळ-संध्याकाळ सगळी घरं तिथे येतात आणि रांगेत उभं राहून बघायला वेळही असतो. शेजारी पेन्सिल बांधून ठेवा. मतदान घेऊ नका. मतदानात मोठी भावकी जिंकते आणि हरलेल्यांच्या दृष्टीने चित्र पहिल्याच दिवशी परकं होतं. ‘यात काय चुकलंय?’ एवढंच विचारा. शहरातल्या चित्रकाराने काढलेली ज्वारी गव्हासारखी दिसते, लुगड्याचा काष्टा भलतीकडे जातो, औताला बैल असे जुंपलेले असतात की ते चार पावलंसुद्धा चालू शकणार नाहीत. हे गावाच्या नजरेतून सुटत नाही. आपण दाखवलेली चूक पुढच्या आराखड्यात दुरुस्त झालेली दिसली की तो माणूस त्या चित्राचा होतो. त्याला ब्रश धरता येतो की नाही, याला मग फारसं महत्त्व उरत नाही.

खिचडीची भीती रास्त आहे. त्यावर माझा उपाय असा: काय असावं आणि काय नसावं हे गाव ठरवेल, कसं दिसावं, म्हणजे मांडणी, रंग आणि रेषा, हे चित्रकार ठरवेल. ही वाटणी पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगा. ‘माझ्या आजोबांची मोट हवी’ ही मागणी योग्य. ‘मोट मध्यभागी आणि सर्वांत मोठी हवी’ ही मागणी चित्रकाराने नम्रपणे बाजूला ठेवायची.

व्यक्तिचित्रांबद्दल मी कडक आहे. थोर पुरुषांचे चेहरे शक्यतो घेऊ नका, आणि त्यात अनादर काही नाही. एक चेहरा आला की दुसरा का नाही, कोण वर, कोण खाली, कुणाच्या मागे कुठला रंग, हे सुरू होतं. पुढे त्याच चेहऱ्यासमोर सायकली लागतात, पानाच्या पिचकाऱ्या उडतात, आणि त्याचं रूपांतर कशात होईल सांगता येत नाही. शिकागोत १९६७ साली कृष्णवर्णीय कलावंतांनी एका जुन्या इमारतीवर आपल्या नायकांची भिंत रंगवली. अमेरिकेतली सामुदायिक भित्तिचित्रांची चळवळ बरेच जण तिथून मोजतात. त्या यादीत मार्टिन ल्यूथर किंग नव्हते आणि त्याची चर्चा झाली. चित्रातला एक भाग नंतर पुसून नव्याने रंगवला गेला, त्यावरून आपसांत फाटलं ते वेगळंच. चेहऱ्यांवरून भांडण सगळीकडेच होतं. गावातल्या हयात माणसाचा चेहरा घ्यायचा तर त्याची लेखी संमती घ्या. माणूस गेलेला असेल तर घरच्यांची घ्या. देवांचे चेहरेही नकोत. लोक भिंतीशी लघवीला उभे राहू नयेत म्हणून देवाच्या फरशा लावण्याची पद्धत मला कधीच पटली नाही. तिथे मुतारी बांधावी.

वारलीबद्दलही हात जोडून सांगते. तुमचं गाव डहाणू, जव्हार, तलासरी पट्ट्यातलं नसेल तर भिंत भरायला वारली आकृत्या वापरू नका. वारल्यांच्या लग्नात सुवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचं चित्र, लिहितात, धवलेरी, म्हणजे लग्नविधी चालवणारी बाई, गाते, आणि ते झाल्याशिवाय लग्न लागत नाही. भिंतीवरचं चित्र सगळ्यांनी मिळून करण्याचं याहून मोठं उदाहरण महाराष्ट्रात नसेल. जिव्या सोमा मशे यांनी ती कला कागदावर आणून जगभर नेली. आता ठेकेदार स्टेन्सिलने त्याच आकृत्या उड्डाणपुलाच्या खांबांवर ठोकतात. वारली हवीच असेल तर वारली कलावंतांना बोलवा आणि त्यांना पूर्ण मोबदला द्या.

आता भिंतीकडे वळू. खाली ओल असेल तर वर कितीही लोकसहभाग ओता, दुसऱ्या पावसाळ्यात सगळं फुगून येईल. दोन फुटांचा प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर पक्का लावा आणि दुसऱ्या दिवशी बघा. आतून पाण्याचे थेंब दिसले तर ओल भिंतीत आहे. पांढरा खार फुटलेला असेल तर तो कोरड्या ब्रशने झाडून टाका, आणि पाणी कुठून येतं ते आधी शोधा. बहुतेक वेळा भिंतीच्या माथ्याला उतार नसतो, किंवा मागच्या बाजूला मातीचा ढीग टेकलेला असतो. गवंड्याचं एका दिवसाचं काम चित्राचं आयुष्य काही वर्षांनी वाढवतं. नवा गिलावा केला असेल तर किमान महिनाभर रंगाला हात लावू नका, कारण ताज्या सिमेंटचा क्षार रंग खातो. भिंत काळ्या दगडाची, दगडांमधले सांधे उघडे असलेली असेल तर माझं ऐका आणि ती रंगवू नका, दुसरी भिंत शोधा.

जुना तैलरंग असेल तर तो खरवडायला मुलांना अजिबात बसवू नका. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर दशलक्षात ९० भागांची मर्यादा २०१७ च्या अखेरीस लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं आणि त्याची धूळ मुलांना सर्वांत जास्त बाधते. खरवडायचंच तर मोठ्यांनी, भिंत ओली करून, धुळीचा चांगला मास्क लावून खरवडावं, नुसतं फडकं पुरत नाही.

तुमची भिंत हजार चौरस फुटांची आहे. बाहेरच्या भिंतींसाठीचं चांगलं इमल्शन दोन हातांना, म्हणजे दोन थरांना, लिटरमागे साधारण ५० ते ६० चौरस फूट जातं. म्हणजे प्रायमर सोडून नुसत्या पायाच्या पांढऱ्याला वीस लिटरची एक बादली लागेल. त्यावरचे रंग दहा-बाराच ठेवा आणि दुकानातल्या मशीनवर काढून घ्या. प्रत्येकाचा सांकेतिक क्रमांक वहीत लिहून ठेवा, पुढे डागडुजीला तोच रंग लागेल. भडक पिवळा, गुलाबी आणि लालभडक हे उन्हात सर्वांत आधी उडतात. गेरू, पिवडी, तांबूस तपकिरी हे मातीतले रंग टिकतात. मोठे भाग त्यांचे करा आणि भडक रंग जिभेला चटका लागेल एवढेच ठेवा. खालच्या दीड फुटावर पावसात चिखल उडतोच, त्यामुळे तिथे चित्र नेऊच नका. साधा गेरूचा पट्टा ठेवा. तो दरवर्षी दिवाळीच्या आधी कुणालाही पुन्हा मारता येतो. माझ्या अनुभवात हा पट्टा म्हणजे लोकांना भिंतीशी बांधून ठेवण्याची सर्वांत स्वस्त युक्ती आहे.

आराखडा भिंतीवर मोठा करण्यासाठी चित्रकार चौकटी आखतात किंवा रात्री प्रोजेक्टर लावतात. गावात याहून सोपा मार्ग आहे. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बायकांना कागदावर १५ ठिपके ७ ओळींचं चित्र द्या, भिंतीवर फूटभर अंतराने सुताने ठिपके मारून द्या, आणि मागे व्हा. कागदावरचं भिंतीवर नेणं त्यांना शिकवावं लागत नाही. कला महाविद्यालयातून आलेल्या पोरांपेक्षा त्या जास्त अचूक असतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. गावात पाटी रंगवणारा पेंटर असेल, गणपतीचे डोळे आखणारा कारागीर असेल, तर शेवटच्या रेषा त्यांच्या.

रेषा झाल्या की प्रत्येक भागात रंगाचा क्रमांक खडूने लिहा. सपाट भाग भरायला सगळं गाव आलं तरी चालतं. रंग पाणी न घालता छोट्या डब्यांत अर्धाच भरून द्या. सांडला तरी अर्धाच सांडतो. एका वेळी दहा-पंधरा जणच भिंतीशी असावेत, बाकीच्यांनी बसून टीका करावी. तीही लागते. दुसरा हात आणि कडा पेंटरांनी नंतर सावकाश करायच्या. मुलं जमिनीवर उभी राहून हात पोचेल तेवढंच रंगवतील. परांचीवर फक्त सराव असलेली मोठी माणसं. ज्यांना भिंतीपर्यंत येता येत नाही, म्हणजे अंथरुणाला खिळलेले किंवा बाहेरगावी असलेले, त्यांच्यासाठी फिलाडेल्फियात एक पद्धत रुळली आहे. विणकाम नसलेल्या पातळ कापडावर घरात बसून रंगवायचं आणि ते तुकडे नंतर भिंतीवर चिकटवायचे. तिथे या पद्धतीने तुरुंगातल्या कैद्यांचेही हात चित्राला लागले आहेत. आपल्याकडे कोरड्या भागात ही पद्धत चालेल. कोकणात मी करणार नाही, कडा सुटतात.

पैशाबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. चित्रकाराला मानधन आणि बायकांना ‘श्रमदान’ असं ठेवू नका. रोजंदारीवर जाणारी बाई दिवस मोडून ठिपके मारायला येत असेल तर तिची त्या दिवसाची मजुरी द्या. निधी थोडा असेल तर मानधनातून काढा. चित्रकार चांगला असेल तर तो कुरकुरणार नाही. काम काढणी, ऊसतोड, यात्रा आणि परीक्षा टाळून ठेवा. आणि निधीतला दहावा हिस्सा डागडुजीसाठी आजच वेगळा काढा.

कागदपत्रांचं काम कंटाळवाणं आहे, पण सोडू नका. भिंत कुणाच्या मालकीची ते बघा; परवानगीशिवाय भिंत रंगवणं १९९५ च्या मालमत्ता विद्रूपणाच्या कायद्यात अडकू शकतं. ग्रामपंचायतीचा ठराव घ्या. चित्र पुसायचं किंवा बदलायचं झालं तर कुणी ठरवायचं, हेही त्याच ठरावात लिहा. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं भव्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून गोदामात टाकलं गेलं. त्यावर २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कलाकाराच्या बाजूने निकाल दिला, पाच लाखांची भरपाई आणि शिल्प परत. म्हणजे मालक सरकार असलं तरी कलाकाराचा हक्क उरतोच. तुमच्याकडे गावाचाही हक्क हवा, तर तो चित्रकाराशी आधीच बोलून लिहून घ्या: ‘पाच वर्षांनी ग्रामसभा ठरवेल.’

सौजन्याच्या फलकावरून तुमच्यावर दबाव येईल. सदस्य, सोसायटीचे चेअरमन, सिमेंटचा दुकानदार, सगळ्यांना नाव हवं असतं. मी एकच करते. भिंतीच्या एका टोकाला, गेरूच्या पट्ट्याच्या वर, सगळ्यांची नावं एकाच आकारात, अ-आ-इ-ई प्रमाणे. ज्वारीची चूक दाखवणाऱ्याचंही. पदं लिहायची नाहीत. ज्याला हे मान्य नाही त्याची देणगी नम्रपणे परत करायची.

आत्ता पावसाळा तोंडावर आहे आणि तुम्हाला दिवाळीनंतर रंग लावायचाय, तेव्हा हातात वेळ पुरेसा आहे. बैठका पेरणी उरकल्यावर घ्या, आराखडे गौरी-गणपतीपर्यंत डेअरीवर लागू द्या. गवंडी ऑक्टोबरात. तोवर पहिल्या मोठ्या पावसात कुणालातरी छत्री घेऊन भिंतीपाशी पाठवा, आणि पाणी नेमकं कुठून उतरतं तिथे कोळशाने खुणा करून फोटो काढून ठेवायला सांगा. ते फोटो आधी गवंड्याला दाखवा, मग चित्रकाराला.